दिवा लागला, पण दोष कुठे?



आजच्या व्याख्यानाचा विषय पत्रिकेवर वाचून काही जणांना ती छपाईची चूक वाटली असेल. तत्त्वज्ञान शिकवणाऱ्या माणसाचा आणि ट्रकच्या इंजिनाचा संबंध काय? संबंध आहे. आम्ही वर्गात जे शिकवत आलो त्याला प्रमाणशास्त्र म्हणतात. एखादी गोष्ट आपल्याला कळली, असं आपण कशाच्या जोरावर म्हणतो, याचा तो विचार. वर्गात या प्रश्नाचं उत्तर चुकलं तर दोन गुण जातात. गॅरेजमध्ये चुकलं तर गाडीमालकाचे पैसे जातात, आणि गाडी तरीही जागची हलत नाही.

तर प्रश्न असा आहे. एक जुना ट्रक आहे. समोरच्या पॅनेलवर इंजिनाचा पिवळा दिवा लागलाय. गाडी ओढत नाही, तेल जास्त खाते, सकाळी चालू व्हायला त्रास देते. मेकॅनिक यंत्र लावतो. यंत्र एक आकडा दाखवतं, आकड्यासमोर एका सेन्सरचं नाव असतं. तो सेन्सर बदलला जातो. दिवा दोन दिवस विझतो आणि तिसऱ्या दिवशी पुन्हा लागतो. असं का व्हावं? सेन्सर खोटं बोलतो का? मेकॅनिक अडाणी आहे का? बहुतेक वेळा दोन्ही नाही. हा दिवा कोणासाठी आणि कशासाठी लावला गेला, हे आपण विसरलो आहोत. म्हणून आज त्याचा इतिहास बघू, आणि त्या इतिहासातून निदानाची रीत कशी निघते, तेही बघू.

सुरुवात सेन्सर नव्हते त्या काळापासून करावी लागेल. पेट्रोलच्या इंजिनाला हवा आणि पेट्रोल ठरावीक प्रमाणात लागतं. वजनाने मोजलं तर एक भाग पेट्रोलला साधारण १४.७ भाग हवा. हे मिश्रण करण्याचं काम कार्ब्युरेटर करत असे. विल्हेल्म मायबाखने १८९३ साली पेट्रोलचा फवारा उडवणारा कार्ब्युरेटर बनवला, आणि तिथून पुढे जवळजवळ नव्वद वर्षं जगातल्या बहुतेक पेट्रोल गाड्या त्याच तत्त्वावर चालल्या. हवा अरुंद नळीतून वेगाने जाते, तिथला दाब कमी होतो, त्या ओढीने पेट्रोल वर येतं. यात विजेचा संबंध नाही, आकडेमोड नाही. जेटमध्ये कचरा अडकला, फ्लोट चिकटला, चोक अडला, तर दोष जिथे आहे तिथेच दिसायचा. झाकण काढायचं, डोळ्यांनी बघायचं, नाकाने वास घ्यायचा.

आपल्याकडे ट्रक म्हणजे डिझेल. टाटांनी डाइमलर-बेंझबरोबर करार करून १९५४ साली जमशेदपूरला ट्रक बनवायला सुरुवात केली. डिझेल पंप आणि नोझल बनवणारी मायको ही कंपनी १९५१ साली बंगळुरूत सुरू झालेली होती. त्या काळातला डिझेल पंप म्हणजे निव्वळ लोखंडी काम. कॅम फिरतो, प्लंजर वर ढकलला जातो, नोझल उघडतं, डिझेल उडतं. मिस्त्रीकडे निदानाची साधनं होती ती म्हणजे कान, हात आणि सायलेन्सरमधून येणारा धूर. काळा धूर म्हणजे डिझेल जास्त किंवा हवा कमी. निळा म्हणजे इंजिन ऑइल जळतंय. पांढरा म्हणजे डिझेल न जळताच बाहेर पडतंय, किंवा आत पाणी जातंय. कुठलं सिलिंडर काम करत नाही हे बघायचं असेल, तर चालू इंजिनावर एकेका नोझलचा पाइप जरासा सैल करायचा. ज्याचा पाइप सैल केल्यावर इंजिनाच्या आवाजात फरक पडत नाही, ते सिलिंडर आधीच मेलेलं.

आमच्यासारख्याला इथे न्यायशास्त्राचा पहिला धडा आठवतो. डोंगरावर धूर दिसला, तेव्हा तिथे अग्नी आहे. विद्यार्थ्यांना हे उदाहरण फार सोपं वाटतं, पुस्तकी वाटतं. पण हायवेवरचा मिस्त्री दिवसातून दहा वेळा हेच करत होता. धूर बघून आतला अग्नी कसा जळतोय ते सांगत होता. आणि पाइप सैल करण्याची त्याची युक्ती म्हणजे तर शुद्ध अन्वय-व्यतिरेक. हे असलं की ते असतं, हे काढलं की ते जातं. त्याच्या निदानात आणि दोषात तिसरा कोणी नव्हता. त्याचं ज्ञान कधी कच्चं असेल, पण ते स्वतः घेतलेलं होतं.

हा तिसरा आला कुठून? त्यासाठी आपल्याला अमेरिकेत, लॉस एंजेलिस शहरात जावं लागेल. कारण आज जगभरच्या गाड्यांत जे सेन्सर आहेत, त्यातल्या पुष्कळांची जन्मकथा त्या शहराच्या हवेत आहे.

१९४३च्या जुलै महिन्यात लॉस एंजेलिसवर असा दाट धुरकट पडदा पसरला, की लोकांचे डोळे चुरचुरायला लागले, काही चौकांपलीकडचं दिसेना. महायुद्ध चालू होतं. जपानने विषारी वायू सोडला की काय, अशी भीती काहींना वाटली. मग संशय गेला गावातल्या एका कारखान्यावर. कृत्रिम रबरासाठी तिथे ब्युटाडाइन नावाचं रसायन बनत असे. लोकांनी ओरड केली, कारखाना बंद ठेवला गेला. धुरकं मात्र गेलं नाही. आपल्या म्हणीतल्यासारखं झालं, चोर सोडून संन्याशाला फाशी. आजच्या विषयात ही म्हण आपल्याला पुन्हा लागणार आहे.

खरा चोर शोधला तो आरी हागेन-स्मित या मूळच्या डच रसायनशास्त्रज्ञाने. हा माणूस कॅलिफोर्निया इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीमध्ये अननसाच्या वासाचा अभ्यास करत होता. त्याने १९५०च्या सुमारास दाखवून दिलं, की मोटारींतून आणि तेलशुद्धीकरणातून सुटलेली न जळलेली हायड्रोकार्बनं आणि नायट्रोजनची ऑक्साइडं यांच्यावर सूर्यप्रकाश पडला, की ओझोन आणि हे धुरकं तयार होतं. ताणलेल्या रबराच्या पट्टीला ओझोनमुळे किती लवकर तडे जातात, ही त्या काळात ओझोनची एक मोजणी होती. म्हणजे रबराची साधी पट्टी हाच सेन्सर. मोटार कंपन्यांना ही गोष्ट मान्य करायला वेळ लागला. पण १९६७ साली कॅलिफोर्नियात हवेसाठी स्वतंत्र मंडळ स्थापन झालं आणि त्याचे पहिले अध्यक्ष हेच हागेन-स्मित झाले. १९७०च्या केंद्रीय स्वच्छ हवा कायद्याने मोटारींच्या धुरातले घातक घटक साधारण ९० टक्क्यांनी कमी करा, असा आदेश दिला.

आता कार्ब्युरेटरची पंचाईत झाली. १९७५ सालच्या मॉडेलपासून अमेरिकेतल्या बहुतेक नव्या मोटारींना कॅटॅलिटिक कन्व्हर्टर लागले. शिशाने तो कन्व्हर्टर निकामी होतो, म्हणून शिसं नसलेलं पेट्रोल आलं, आणि शिशाच्या पेट्रोलची जाड नळी आत जाऊच नये म्हणून टाकीचं तोंडसुद्धा अरुंद करण्यात आलं. पुढचा कन्व्हर्टर तीन प्रदूषकांवर एकाच वेळी काम करणारा निघाला. पण त्याची अट कडक होती. मिश्रण १४.७च्या अगदी जवळ राहिलं, तरच तो काम करणार. इतकी काटेकोर मोजणी कार्ब्युरेटरच्या जेटला जमणारी नव्हती. कोणीतरी धुराड्यात बसून सतत सांगायला हवं होतं, की जास्त झालं, कमी झालं.

तो कोणीतरी म्हणजे ऑक्सिजन सेन्सर. बॉश कंपनीने तो १९७६ साली व्होल्व्होच्या अमेरिकेत जाणाऱ्या गाड्यांवर पहिल्यांदा बसवला. आत झिर्कोनियाचा एक टोपीसारखा तुकडा. त्याच्या एका बाजूला बाहेरची हवा, दुसऱ्या बाजूला इंजिनाचा धूर. दोन्हीकडच्या ऑक्सिजनमध्ये फरक जितका मोठा, तितकं व्होल्टेज जास्त. धुरात ऑक्सिजन उरला असेल तर सुमारे ०.१ व्होल्ट, जवळजवळ संपला असेल तर सुमारे ०.९ व्होल्ट. साधारण ३०० अंश सेल्सिअसच्या पुढे तापल्याशिवाय तो धड बोलत नाही. त्याचं ऐकून कॉम्प्युटर पेट्रोल कमी-जास्त करतो.

आता नीट लक्ष द्या. हा सेन्सर पेट्रोल मोजत नाही. तो ऑक्सिजन मोजतो. पेट्रोल किती होतं, हे त्यावरून केलेलं अनुमान आहे. इथेच सगळी गोम आहे.

१९८१ साली जनरल मोटर्सने अमेरिकेतल्या आपल्या जवळजवळ सगळ्या पेट्रोल मोटारींत असा कॉम्प्युटर बसवला आणि त्याबरोबर 'चेक इंजिन' हा दिवा. १९८७च्या मॉडेलपासून त्यांच्या मोठ्या पिकअप ट्रकांमध्येही कार्ब्युरेटर जाऊन त्याच जागी दोन इंजेक्टर आले. तिकडे पिकअप ट्रक म्हणजे पुढे केबिन आणि मागे उघडा हौदा असलेली गाडी. शेतकरी, सुतार, गवंडी यांच्या पोटापाण्याची. त्या काळातल्या अशा अनेक गाड्या अजूनही रस्त्यावर आहेत, म्हणून आपण हेच उदाहरण घेऊ. समजा, १९९० सालचा ५.७ लिटर इंजिनाचा शेव्हरोले पिकअप आपल्यासमोर उभा आहे.

याच्या डॅशबोर्डखाली एक बारा खणांचं सॉकेट असतं. ते मुळात कारखान्यात, असेंब्ली लाइनवर गाडी तपासण्यासाठी ठेवलेलं. त्यातले 'ए' आणि 'बी' हे दोन खण तारेने जोडायचे, चावी फिरवायची, इंजिन चालू करायचं नाही. मग तो पिवळा दिवा लुकलुकायला लागतो. आधी एकदा, थोडं थांबून दोनदा. म्हणजे १२. हे तीन वेळा होतं. १२चा अर्थ, इंजिन फिरत असल्याचा इशारा मला मिळत नाही. इंजिन बंदच आहे, म्हणजे तो खरं बोलतोय. साक्षीदार शुद्धीवर आहे ना, याची ही खात्री. त्यानंतर साठवलेले दोष तो एकेक करून सांगतो.

समजा, दिव्याने ४४ सांगितलं. ४४ म्हणजे धुरात ऑक्सिजन जास्त, मिश्रण 'लीन', पेट्रोल कमी. आता माणूस काय करतो? ऑक्सिजन सेन्सरचं नाव आलं, म्हणून ऑक्सिजन सेन्सर बदलतो. नाहीतर पेट्रोल कमी म्हटलं, म्हणून पंप बदलतो. पण समजा, एक स्पार्क प्लग मेलाय. त्या सिलिंडरमध्ये हवा गेली, पेट्रोल गेलं, ठिणगी पडलीच नाही. दोन्ही तसेच धुराड्यात आले. सेन्सरला न वापरलेला ऑक्सिजन दिसला. तो प्रामाणिकपणे म्हणाला, ऑक्सिजन जास्त आहे. कॉम्प्युटरने अनुमान केलं, पेट्रोल कमी पडतंय, आणखी द्या. म्हणजे ज्या गाडीतून कच्च्या पेट्रोलचा वास येतोय, तिलाच आणखी पेट्रोल पाजलं जातंय. सेन्सर निर्दोष आहे. त्याच्या आधी एक्झॉस्टच्या पाइपला भेग असेल आणि तिथून बाहेरची हवा आत ओढली जात असेल, तरी तो हेच सांगेल. आणि खरोखरच फिल्टर तुंबून पेट्रोल कमी येत असेल, तरीही हेच. एक साक्ष, निदान तीन वेगळे गुन्हे.

आमच्या शास्त्रात याला नाव आहे. धुरावरून अग्नीचं अनुमान बरोबर, पण अग्नीवरून धुराचं अनुमान करता येत नाही. तापलेल्या लोखंडाच्या गोळ्यात अग्नी आहे, धूर नाही. धूर व्हायला लाकूड ओलं असावं लागतं. या लपलेल्या अटीला नैयायिक उपाधी म्हणतात. ऑक्सिजन जास्त म्हणजे पेट्रोल कमी, या वाक्यातही एक लपलेली अट आहे. आत गेलेलं सगळं मिश्रण पेटलेलं असावं आणि मध्ये बाहेरची हवा शिरलेली नसावी. ही अट न तपासता जो सेन्सर बदलतो, तो पुन्हा संन्याशालाच फाशी देतो.

दुसरी तऱ्हा उलटी आहे. साक्षीदार खोटं बोलतो, पण पकडला जात नाही. या गाडीत पाण्याचं तापमान कॉम्प्युटरला सांगणारा सेन्सर म्हणजे एक रोधक. थंड असला की रोध जास्त, तापला की कमी. २० अंशांना साधारण साडेतीन हजार ओहम, १०० अंशांना पावणेदोनशेच्या आसपास. त्याची तार पूर्ण तुटली, तर कॉम्प्युटरला उणे चाळीस अंश दिसतात. तो लगेच १५ हा आकडा साठवून दिवा लावतो, कारण असं पाणी असूच शकत नाही. पण तार तुटली नाही, नुसतीच गंजली, आणि ८५ अंशांच्या पाण्याला सेन्सर ३० अंश म्हणू लागला, तर? ३० अंश ही शक्य गोष्ट आहे. कॉम्प्युटरला संशय यायचं कारणच नाही. इंजिन थंड आहे समजून तो पेट्रोल वाढवत राहतो. प्लग काळे पडतात, पेट्रोलचा खर्च वाढतो, आणि दिवा शांत. मालक डॅशबोर्डवरचा काटा दाखवून म्हणतो, तापमान तर बरोबर आहे. पण काट्याला माहिती देणारा सेन्सर वेगळा, कॉम्प्युटरला देणारा वेगळा. एकाची साक्ष दुसऱ्याच्या नावावर धरता येत नाही. यावर उपाय साधा. रात्रभर उभी असलेली गाडी सकाळी तपासायची. त्या वेळी पाण्याचा आणि बाहेरच्या हवेचा आकडा जवळजवळ सारखाच यायला हवा. मग मल्टिमीटर लावायचा आणि इंजिन तापताना रोध सावकाश उतरतोय का बघायचं.

तिसरी गोष्ट इंधनाची. या ट्रकमध्ये इंधनाचा दाब मोजणारा सेन्सर नाहीच. म्हणजे ज्या गोष्टीवर सगळं अवलंबून, तिचा साक्षीदारच नेमलेला नाही. इथे दाब लागतो साधारण ९ ते १३ पौंड प्रति चौरस इंच. तो कॉम्प्युटरला विचारून कळत नाही, त्याला गेज जोडूनच बघावा लागतो. पण गेजच्याही आधी काही गोष्टी फुकटात कळतात. चावी फिरवली की टाकीतला पंप दोन सेकंद गुणगुणायला हवा. एअर फिल्टरचं झाकण काढलं की दोन्ही इंजेक्टर डोळ्यांसमोर असतात. सेल मारताना त्यांतून छत्रीसारखा फवारा पडतोय का, की नुसते थेंब गळतायत, हे दिसतं. उघड्या पेट्रोलजवळ विडी-सिगारेट नको, हे सांगायला नकोच.

याच पंपाच्या बाबतीत एक सुंदर गोष्ट आहे. पंपाला वीज रिलेमधून जाते. पण रिले बिघडला तर गाडी वाटेत अडकू नये, म्हणून बनवणाऱ्यांनी दुसरी वाट ठेवली. इंजिन ऑइलचा दाब चढला की एक स्विच जोडला जातो आणि पंपाला तिथूनही वीज मिळते. आता रिले जळाला तर काय होईल? गाडी बंद पडणार नाही. फक्त सकाळी बराच वेळ सेल मारावी लागेल. ऑइलचा दाब चढेपर्यंत पंप चालणार नाही, चढला की गाडी चालू. मालक बॅटरी बदलतो, स्टार्टर बदलतो, इंजेक्टर साफ करून घेतो. दोष असतो स्वस्तातल्या रिलेत. ज्याला ही दुसरी वाट का ठेवली ते माहीत आहे, त्याला नुसतं 'जास्त वेळ सेल मारावी लागते' एवढं ऐकलं तरी कुठे बघायचं ते कळतं. यंत्राचा इतिहास कळला म्हणजे यंत्र बनवणाऱ्याचा हेतू कळतो, आणि हेतू कळला की दोषाचा माग लागतो.

न्यायसूत्रांत अनुमानाचे प्रकार सांगितलेत, त्यातल्या शेषवत् अनुमानाचा एक अर्थ वात्स्यायन असा देतो, की शक्यता एकेक करून बाद करायच्या आणि जी उरते ती धरायची. जुन्या ट्रकच्या निदानाची रीत हीच. फक्त बाद करण्याचा क्रम शहाणपणाचा हवा. फुकटची तपासणी आधी, महागाची नंतर. बॅटरीची टोकं आणि इंजिनाची अर्थिंग आधी बघायची, कारण कमी व्होल्टेजवर सगळेच सेन्सर बरळतात. मग रबरी नळ्या. मॅनिफोल्डमधला दाब सांगणाऱ्या सेन्सरकडे जाणारी एक बारीक नळी वयामुळे तडकली, तर सेन्सरला वाटतं इंजिनावर फार भार आहे, आणि कॉम्प्युटर पेट्रोल ओततो. नळी किरकोळ, सेन्सर महाग, आणि बदलला जातो सेन्सर. मग प्लग आणि ठिणगी. मग इंधनाचा दाब. आणि सगळ्यात शेवटी सेन्सर, तोही मोजून. दर वेळी एकच गोष्ट बदलायची. तीन गोष्टी एकदम बदलल्या आणि गाडी सुधारली, तर गाडी सुधारते, पण ज्ञान होत नाही. पुढच्या वेळी पुन्हा तिन्हींचा खर्च.

आता पुन्हा इतिहासाकडे येऊ. कॅलिफोर्नियाने १९८८च्या मॉडेलपासून गाडीने आपलं प्रदूषण नियंत्रण स्वतः तपासावं अशी सक्ती केली. १९९०च्या केंद्रीय कायदादुरुस्तीनंतर, १९९६च्या मॉडेलपासून, अमेरिकेतल्या सगळ्या नव्या मोटारी आणि हलक्या ट्रकांना एकच सोळा खणांचं सॉकेट आणि एकच सांकेतिक भाषा आली. हे फार मोठं काम झालं. तोपर्यंत प्रत्येक कंपनीची भाषा वेगळी होती. आता कोपऱ्यावरचा लहान गॅरेजवालाही कुठल्याही गाडीशी बोलू शकला. शिवाय जुन्या पद्धतीतला जो खड्डा आपण पाहिला, तो थोडा बुजवला गेला. क्रँकशाफ्टच्या फिरण्यातला बारीक हिसका ओळखून 'मिसफायर' होतंय का, हे कॉम्प्युटर स्वतंत्रपणे सांगू लागला. म्हणजे ऑक्सिजनच्या साक्षीला दुसरा साक्षीदार मिळाला. दोष नोंदला त्या क्षणी वेग, तापमान, भार काय होता, याचीही नोंद राहू लागली.

पण दिव्याचा स्वभाव बदलला नाही. या नव्या गाडीत पेट्रोलच्या टाकीचं झाकण नुसतं सैल राहिलं, तरी दिवा लागतो, कारण पेट्रोलची वाफ हवेत जाते. इंजिन उत्तम चालत असतं. उलट कनेक्टिंग रॉडचं बेअरिंग ठोकायला लागलं, इंजिन मरणाच्या दारात असलं, तरी हा दिवा लागेलच असं नाही. कारण त्याने हवा बिघडत नाही. हा दिवा मालकाच्या खिशासाठी लावलेलाच नाही, तो शहराच्या फुप्फुसांसाठी लावलेला आहे. कायद्याने विचारलं, धूर किती घाण आहे? दिवा त्या प्रश्नाचं उत्तर देतो. आपण त्याला विचारतो, माझ्या गाडीला काय झालंय? एका प्रश्नाचं उत्तर दुसऱ्या प्रश्नाला चिकटवलं, की सेन्सर बदलण्याची माळ सुरू होते.

यात आपल्याला काय, असं कोणी म्हणेल. आपल्या ट्रकचा प्रवास त्याच रस्त्याने, उशिरा झालाय. १ फेब्रुवारी २०००पासून देशभर शिसं नसलेलं पेट्रोल आलं. १ एप्रिल २०१७पासून देशभर बीएस-४ आणि १ एप्रिल २०२०पासून बीएस-६. लोखंडी पंपाच्या जागी कॉमन रेल आली. हे तंत्र ट्रकवर पहिल्यांदा १९९५ साली जपानमध्ये डेन्सोने हिनोच्या गाडीसाठी आणलेलं. त्यात दाब हजार बारच्याही पुढे जातो. इथे इंजिन चालू असताना पाइप सैल करून बघण्याची जुनी युक्ती कधीही करायची नाही. त्या दाबाचं डिझेल कातडी भेदून शरीरात शिरतं आणि हात गमवावा लागू शकतो. आणि बीएस-६मध्ये तर दिव्याच्या हातात दंडुकाही आला. युरिया संपला किंवा नायट्रोजनच्या ऑक्साइडांचा आकडा वाढला आणि तो सुधारला नाही, तर गाडी स्वतःची ताकद स्वतःच कमी करते. भर घाटात, माल भरलेला असताना, ड्रायव्हरला कळत नाही की हा बिघाड आहे की शिक्षा.

हे आज नवे असलेले ट्रक उद्या जुने होणार आहेत. दुसऱ्या-तिसऱ्या मालकाकडे जाणार आहेत. तो मालक बहुधा हप्ते भरणारा, एकाच गाडीवर घर चालवणारा असतो. त्याच्याकडे तीन चुकीचे सेन्सर घेऊन चौथा बरोबर घेण्याइतके पैसे नसतात. नव्या यंत्राला घाबरून जुना मिस्त्री जर दुकान बंद करून बसला, आणि यंत्र हाती आलेला पोरगा जर आकड्यालाच निकाल समजू लागला, तर भुर्दंड या मालकाला पडणार आहे. आणि कंटाळून त्याने सेन्सरच्या तारा तोडून टाकल्या, तर तो आपल्या मुलांच्या फुप्फुसांना. म्हणून सेन्सरला शिव्या देणं हेही उत्तर नाही. लॉस एंजेलिसच्या माणसांना डोळे चोळत जे शिकावं लागलं, ते आपल्या शहरांनी हिवाळ्यातल्या सकाळी रोज बघावं.

शब्दप्रमाण मानणाऱ्या आपल्या परंपरेने आप्ताची व्याख्या केली आहे. ज्याने वस्तू स्वतः जशी आहे तशी जाणली आणि जो ती तशीच सांगू इच्छितो, तो आप्त. सेन्सरला फसवायची इच्छा नसते, म्हणून तो अर्धा आप्त आहे. पण त्याने जाणलेलं असतं फार थोडं, एक व्होल्टेज, एक दाब, एक रोध. त्याचं ऐकायचं, पूर्ण ऐकायचं, आणि मग विचारायचं, तू नक्की काय पाहिलंस? उरलेलं काम कानाचं, हाताचं, गेजचं आणि डोक्याचं. पोराच्या हातातलं यंत्र आणि मिस्त्रीचा कान एकाच बॉनेटखाली वाकले, तर आपली पुष्कळशी वाहनं पहिल्याच खेपेत दुरुस्त होतील.

एवढं सांगून थांबतो. ट्रकवाल्या मंडळींपैकी कोणी इथे बसलं असेल, तर त्यांनी प्रश्न आधी विचारावेत. तत्त्वज्ञानाच्या लोकांना थोडं थांबता येईल.